महाराष्ट्रात लहान व्यवसाय चालवताना : नोंदण्या, कर आणि कायदे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किराणा दुकान, घरगुती फराळ, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, दोन-चार कामगारांचे वर्कशॉप किंवा घरबसल्या ऑनलाइन विक्री असे व्यवसाय करणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील कायद्यांना धरून आहेत. जीएसटी, आयकर, अन्नसुरक्षा आणि वजनमापे यांविषयीचे केंद्रीय नियम मात्र बहुतांशी सर्वत्र सारखेच आहेत.

नवा व्यवसाय सुरू करायचा आहे. नेमक्या किती नोंदण्या लागतात?

याचे सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. आपण काय विकता, कोणाला आणि कुठे विकता, आणि आपल्याकडे किती माणसे कामाला आहेत, या तीन गोष्टींवरून ते ठरते. एक मदतनीस ठेवून ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना सुरुवातीला दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचना आणि व्यवसाय कराची नावनोंदणी एवढ्यावर काम भागू शकते. त्यांच्याच शेजारी चकली-चिवडा विकणाऱ्या ताईंना मात्र पहिल्या पाकिटापासून अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, मग महिन्याची विक्री पाच हजारांची असो किंवा पाच लाखांची. म्हणून ओळखीच्या दुकानदाराकडे जे दाखले भिंतीवर लावलेले दिसतात तेच आपल्यालाही हवेत, किंवा त्याच्याकडे नाहीत म्हणून आपल्यालाही नकोत, असा हिशेब कधीही करू नये. आमच्या पाहण्यात सर्वाधिक अडचणी या दोन समजुतींतूनच उभ्या राहतात.

एकट्याच्या नावावर व्यवसाय करावा की भागीदारीत?

एकल मालकीच्या व्यवसायाला स्वतंत्र नोंदणी नसते. मालकाचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन, आणि व्यवसायाचे कर्ज हे मालकाचे वैयक्तिक कर्ज. भागीदारी करताना केवळ करारपत्र करून थांबू नये. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, परंतु कलम ६९ प्रमाणे नोंदणी न केलेल्या संस्थेला आपल्या करारातून येणे असलेल्या रकमेसाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. उधारी बुडाली की ही उणीव एकदम जाणवते. दोन भावांची भागीदारी असली तरी नोंदणी सुरुवातीलाच निबंधकाकडे करून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुमास्ता परवाना सर्वांनाच लागतो का?

ज्याला आपण सवयीने गुमास्ता म्हणतो, तो आता महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ या कायद्याखाली येतो. हा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मूळ कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असतील तर नोंदणी करावी लागते, आणि त्याहून कमी असतील तर व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना देऊन तिची पोचपावती घ्यायची असते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाची ही मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली. त्यामुळे ज्यांच्याकडे दहा ते एकोणीस कामगार आहेत त्यांनी अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी पोर्टलवर लागू असलेली मर्यादा पाहूनच योग्य तो नमुना निवडावा.

लहान दुकानदारांना मिळते ती ही पोचपावतीच असते, परवाना नव्हे. चालू खाते उघडताना बँका पुरावा म्हणून तीच मागतात. दुकानाचा पत्ता, मालक किंवा व्यवसायाचे स्वरूप बदलले तर तो बदलही कळवावा लागतो. मुंबईत हे काम महानगरपालिकेचा दुकाने व आस्थापना विभाग पाहतो, तर राज्यात इतरत्र कामगार आयुक्तालयाची कार्यालये पाहतात. मात्र या नोंदीमुळे जागेचा व्यापारी वापर कायदेशीर ठरत नाही. निवासी सोसायटीतील सदनिकेत दुकान थाटण्यासाठी महानगरपालिकेच्या आणि सोसायटीच्या नियमांची वेगळी पूर्तता करावी लागते. खाणावळ किंवा उपाहारगृह चालवायचे असेल तर स्थानिक संस्थेचा आरोग्यविषयक परवाना आणि अग्निसुरक्षेची पूर्तता हे विषयही येतात.

दुकानाची पाटी मराठीत असणे लहान दुकानांनाही बंधनकारक आहे का?

होय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगारांची संख्या कितीही असली तरी प्रत्येक दुकानाला व आस्थापनेला मराठी भाषेत, देवनागरी लिपीत नामफलक लावणे सक्तीचे आहे. अन्य भाषेतील नावही लिहिता येते, परंतु मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना याच्या पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली आहे. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी याच फलकावर आपला जीएसटी क्रमांकही लिहायचा असतो आणि नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागी लावायचे असते. ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. नवी पाटी रंगवून घेताना दोन्ही कामे एकदमच उरकावीत.

जीएसटी नोंदणी कधी सक्तीची होते? चाळीस लाखांपर्यंत काहीच लागत नाही हे खरे आहे का?

हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे बरेच लोक अडचणीत येतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त मालाची विक्री करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर, आणि सेवा देणाऱ्यास २० लाखांच्या पुढे गेल्यावर नोंदणी करावी लागते. माल आणि सेवा दोन्ही असतील, उदाहरणार्थ मोबाईल विकणे आणि दुरुस्त करणे, तर सर्वसाधारणपणे २० लाखांचीच मर्यादा धरून चालावे.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. ती एका दुकानाची नव्हे तर एका पॅनवरील सर्व व्यवसायांची मिळून, देशभराची मोजली जाते आणि तीत करमाफ मालाची विक्रीही धरली जाते. एकाच मालकाचे कोल्हापुरात कापडाचे दुकान आणि साताऱ्यात स्टेशनरीचे दुकान असेल, तर दोन्हींची बेरीज करायची असते. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करणे आवश्यक आहे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर ४० लाखांची सवलत सामान्यतः उरतच नाही. सावंतवाडीत काजूगर भरून विकणारा व्यावसायिक पणजीतल्या दुकानदाराला माल पाठवतो तेव्हा अंतर जेमतेम दोन तासांचे असले तरी ती आंतरराज्य विक्री ठरते, आणि अशा पहिल्या विक्रीपूर्वीच नोंदणी असावी लागते. पुण्यातून बंगळुरूच्या ग्राहकाला कुरिअरने फराळ पाठवणाऱ्या ताईंनाही हेच लागू आहे. सेवांच्या बाबतीत नियम सौम्य आहे; पुण्यातील डिझायनरने बंगळुरूच्या ग्राहकासाठी काम केले तरी २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारपेठेतून फक्त स्वतःच्या राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर नोंदणीतून सूट मिळाली आहे.

नोंदणीसाठी सरकारी शुल्क नाही. जागा वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर असेल तर वीजबिलासोबत त्यांचे संमतिपत्र जोडावे. अर्ज अडतात ते बहुतेक वेळा जागेच्या पुराव्यावर, म्हणून पत्ता सर्व कागदांवर अक्षरशः सारखा आहे ना, हे आधी तपासावे.

कंपोझिशन योजना घ्यावी का?

लहान व्यावसायिकांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने जीएसटी भरू देणारी ही योजना आहे. ज्यांचे ग्राहक थेट घरगुती खरेदीदार आहेत आणि विक्री राज्यातच आहे, त्यांच्यासाठी ती सोयीची आहे. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर व्यापारी व उत्पादक यांना एक टक्का आणि उपाहारगृहांना पाच टक्के दराने कर भरता येतो. ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यवसायांसाठी सहा टक्क्यांची वेगळी योजना आहे. कराचा भरणा तिमाही आणि विवरणपत्र वर्षातून एकदा, ३० जूनपर्यंत.

परंतु हा कर आपल्या खिशातून भरायचा असतो. ग्राहकाच्या बिलात तो लावता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. बिलावर आपण कंपोझिशन करदाते आहोत आणि कर आकारण्यास पात्र नाही असा उल्लेख छापावा लागतो. आंतरराज्य विक्री करता येत नाही. आपले मुख्य ग्राहक जर कारखाने किंवा नोंदणीकृत दुकानदार असतील तर त्यांना आपल्या बिलावर वजावट मिळणार नाही, आणि ते हळूहळू दुसरा पुरवठादार शोधतील. अशांनी नेहमीची योजनाच घ्यावी. आइस्क्रीम आणि पानमसाला यांच्या उत्पादकांना ही योजना मुळातच खुली नाही.

या महिन्यात काहीच विक्री झाली नाही. तरी जीएसटीचे विवरणपत्र भरावे लागते का?

भरावेच लागते. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर दररोज २० रुपये आणि इतर विवरणपत्रांना दररोज ५० रुपये विलंब शुल्क ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत लागते. कर बाकी असल्यास वार्षिक १८ टक्के व्याज वेगळे. नेहमीच्या योजनेत विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरणपत्र २० तारखेपर्यंत जाते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही विवरणपत्राचा पर्याय आहे. त्यात महाराष्ट्रासाठी या तारखा अनुक्रमे १३ आणि २२ अशा आहेत, परंतु तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. सलग सहा महिने विवरणपत्रे थकली तर नोंदणी रद्द होण्याची कारवाई सुरू होऊ शकते. आणि मूळ तारखेपासून तीन वर्षे उलटली की ते विवरणपत्र आता पोर्टलवर भरताच येत नाही.

घरी तयार केलेले खाद्यपदार्थ विकते. पाकिटावर काय छापले पाहिजे?

प्रथम नोंदणीविषयी. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली घरगुती स्वयंपाकघरातून विक्री करणाऱ्यांनाही नोंदणी लागते. लहान उलाढालीसाठी साधी नोंदणी आणि मोठ्यांसाठी परवाना असे दोन स्तर आहेत. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर तर हवाच, शिवाय १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही हवा. राज्यात याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

आता पाकीट. समजा, २५० ग्रॅम भाजणीच्या चकलीचे पाकीट आहे. त्यावर पदार्थाचे नाव, उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी व ईमेल ही माहिती वजनमापांच्या २०११ च्या नियमांप्रमाणे द्यावी लागते. आता यात एकक किंमतही आली आहे, म्हणजे प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो किती पडते तेही लिहायचे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे घटकपदार्थांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, शाकाहारी असल्याचे हिरवे चिन्ह, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत आणि ॲलर्जीकारक घटकांची सूचना द्यावी लागते. चकलीत तीळ असतात आणि लाडवात शेंगदाणे किंवा काजू. घरच्या पदार्थात कसली आली सूचना, असे वाटते, पण शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांसाठी ती एक ओळ फार मोलाची असते.

भाषेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दुकानाची पाटी मराठीत हवी, परंतु पाकिटावरील सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावी लागते. मराठी तिच्या जोडीला खुशाल छापता येते. केवळ मराठीत छापलेले लेबल, ते कितीही स्पष्ट असले तरी, नियमाची पूर्तता करत नाही. हजारो पाकिटे छापून घेण्याआधी लेबलाचा नमुना जाणकाराकडून तपासून घ्यावा. आणि छापील किमतीवर जास्त किमतीची चिकटपट्टी लावून माल विकणे हा सरळ गुन्हा आहे.

इलेक्ट्रॉनिक तराजूचीही तपासणी करून घ्यावी लागते का?

होय. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी आणि लोखंडी वजनांची दर चोवीस महिन्यांनी वैधमापन शास्त्र विभागाकडून करून घ्यावी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र ग्राहकांना दिसेल असे लावावे. काटा दुरुस्त करून घेतला तर तो वापरण्यापूर्वी पुन्हा पडताळावा लागतो.

उद्यम नोंदणी केली. आता इतर परवाने नकोत ना?

उद्यम नोंदणी हा परवाना नाही. आपला व्यवसाय सूक्ष्म, लघु किंवा मध्यम आहे याचा तो दाखला आहे. १ जुलै २०२० पासून ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. नावात उद्यम शब्द घालून सरकारी वाटणारी काही खासगी संकेतस्थळे यासाठी पैसे घेतात. त्यांच्या नादी लागू नये. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी व उलाढाल १० कोटी, आणि लघु उद्योगासाठी २५ कोटी व १०० कोटी अशा कमाल मर्यादा आहेत.

मोठ्या ग्राहकाने माल घेऊन सहा महिने पैसे दिलेले नाहीत. उद्यम नोंदणीचा उपयोग होईल का?

उत्पादक किंवा सेवा पुरवठादार असाल तर निश्चित होईल, आणि या कायद्याचा आधार लहान उद्योजकांनी अधिक धीटपणे घ्यायला हवा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराकडून माल स्वीकारल्यापासून, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. खरेदी आदेशावर ९० दिवसांची मुदत छापलेली असली तरी ती या कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रार ऑनलाइन नोंदवून सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेच्या निवाड्याला खरेदीदाराने आव्हान द्यायचे ठरवले तर त्याला आधी रकमेच्या ७५ टक्के भरणा करावा लागतो.

आयकरानेही याला जोड दिली आहे. या मुदतीत न दिलेली अशी देणी खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाहीत. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतात. मार्चअखेरीस अनेक कंपन्यांचे लेखाविभाग पुरवठादारांकडे उद्यम प्रमाणपत्र मागतात ते यासाठीच. ते तत्परतेने द्यावे, बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि माल पोचल्याची सही व तारीख असलेले चलन जपून ठेवावे, कारण मुदत मोजली जाते ती तेथून. मालाची केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणीचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच होतो. थकबाकीविषयीचे हे संरक्षण त्यांना मिळत नाही. नोंदणी वाद उभा राहिल्यावर नव्हे, पुरवठा करण्यापूर्वी केलेली असावी.

व्यवसाय कर कोणाला भरावा लागतो?

हा राज्याचा १९७५ च्या कायद्याखालील कर आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीने स्वतःसाठी नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. भागीदारीत प्रत्येक भागीदाराने. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना यातून सूट आहे. दुसरा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापून भरायचा. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार दरमहा १०,००० रुपयांच्या पुढे असेल तर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. ७,५०१ ते १०,००० या पगारावर १७५ रुपये. महिला कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. जुन्या दराने महिलांच्या पगारातून आजही कपात करणारी दुकाने आढळतात. त्यांनी ती तातडीने थांबवावी.

आठ माणसे कामाला आहेत. भविष्य निर्वाह निधी आणि विमा लागू होतो का?

भविष्य निर्वाह निधी २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांपासून आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) दहापासून लागू होतो, त्यामुळे आठ माणसांवर दोन्ही सक्तीचे नाहीत. दहावा माणूस घेताच विम्याची नोंदणी करावी. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के असतो. एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसे कमी झाली म्हणून तो आपोआप सुटत नाही. कंत्राटदारामार्फत आलेली माणसेही या मोजणीत येऊ शकतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता अमलात आल्या आहेत. लहान मालकांच्या दृष्टीने त्यांतील ठळक गोष्टी अशा : प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तीपत्र द्यायचे, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा, काम सोडलेल्या किंवा काढलेल्या कामगाराचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे, आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्यास एक वर्षाच्या सेवेनंतरही उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मिळतो. रोखीने पगार देऊन वहीत सही घेण्याची पद्धत सोडून खात्यात रक्कम जमा करावी. वाद झाला तर बँकेची नोंद मालकाला आणि कामगाराला, दोघांनाही सारखीच उपयोगी पडते.

दुकानात दोन मुली कामाला आहेत. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आम्हालाही लागू आहे का?

२०१३ चा हा कायदा प्रत्येक कामाच्या ठिकाणाला लागू आहे, अगदी घरकामालाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. तिची अध्यक्ष महिला असावी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती आपल्याकडील मुलींना पहिल्याच दिवशी देणे आणि लेखी लावून ठेवणे, हे मालकाचे कर्तव्य समजावे.

दुकानाची जागा भाड्याने घेताना काय पाहावे?

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

रोखीच्या व्यवहारांवर कोणती बंधने आहेत?

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च रोखीने दिला तर तो, काही अपवाद सोडता, आयकरात खर्च म्हणून मान्य होत नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, आणि नातेवाइकांकडूनही २०,००० रुपये किंवा अधिक कर्ज रोखीने घेता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या कायद्यातील कलम ४४ एडीची अनुमानित उत्पन्नाची सोय मात्र नव्या कायद्यातही आहे. तीनुसार दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यावसायिकाला, आणि रोख जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास तीन कोटींपर्यंत, रोख विक्रीवर किमान आठ टक्के व बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के उत्पन्न दाखवता येते. आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरावा. जीएसटीत दाखवलेली विक्री आणि आयकरात दाखवलेली विक्री यांचा मेळ बसतो ना, हे दरवर्षी स्वतः पाहावे.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापता येते का?

छापले तरी सदोष मालाच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

प्लॅस्टिकच्या पिशव्या जाड असतील तर चालतात का?

महाराष्ट्रात नाही. देशपातळीवरील नियमांत १२० मायक्रॉनची अट आहे, परंतु राज्याने २०१८ मध्ये हातात धरून नेण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांवरच बंदी घातली आहे. पहिल्या गुन्ह्यास ५,००० आणि दुसऱ्यास १०,००० रुपये दंड आहे.

नोटीस आली किंवा अधिकारी दुकानात आले तर काय करावे?

आधी नोटीस खरी आहे का ते पाहावे. केंद्रीय जीएसटी आणि आयकर खात्यांच्या पत्रांवर असणारा ओळख क्रमांक त्या खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, आणि जीएसटीची नोटीस पोर्टलवरील आपल्या खात्यातही दिसते. केवळ व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबून कोणाच्याही खात्यात पैसे भरू नयेत. खरी नोटीस असेल तर ती कोणत्या कालावधीची आहे आणि उत्तराची मुदत किती आहे, या दोन गोष्टी लगेच लिहून ठेवाव्यात. विवरणपत्रांच्या छाननीतील तफावतीच्या नोटिशीस साधारणतः ३० दिवस मिळतात. उत्तर दिल्याने बहुतेक तफावती तेथेच मिटतात. उत्तर न दिल्यास एकतर्फी आदेश होतो आणि अपिलासाठी वादातील कराच्या दहा टक्के भरणा करावा लागतो.

अधिकारी आल्यास ओळखपत्र आणि तपासणीचा लेखी अधिकार पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. सहकार्य करावे, जे कागद नेले त्यांची पोच घ्यावी, आणि न वाचता कोणत्याही जबाबावर सही करू नये.

येथे एक कळकळीची विनंती आहे. जीएसटी पोर्टलवर आणि आयकर खात्यात मोबाईल क्रमांक व ईमेल आपला स्वतःचाच असू द्यावा, सल्लागाराचा नव्हे. सल्लागार कितीही विश्वासू असला तरी नोटीस त्याच्या ईमेलवर गेली आणि त्याच्या कार्यालयातून निसटली, तर आदेश आपल्या नावावर होतो आणि बँक खाते आपले गोठते. संकेतशब्द आपल्याकडे असावा, आणि दर महिन्याला विवरणपत्र भरल्याची पोच मागून घ्यावी. बिले व हिशेबाची कागदपत्रे जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात.

व्यवसाय बंद केला. आता काही करायचे राहते का?

राहते, आणि ते केले नाही तर बंद व्यवसायाचीही देणी वाढत जातात. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा, शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत करावी आणि रद्द झाल्याच्या आदेशानंतर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे. दुकाने व आस्थापना विभागाला बंद केल्याची सूचना द्यावी, अन्नसुरक्षेची नोंदणी परत करावी आणि व्यवसाय कराची नावनोंदणी रद्द करून घ्यावी. यांतली शेवटची गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाल्यावर जुन्या दुकानाच्या नावाने दरवर्षीचे अडीच हजार आणि त्यावरील व्याज अशी मागणी येते. अशा वेळी दुकान केव्हा बंद झाले याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून जागा सोडल्याचे पत्र, शेवटचे वीजबिल आणि जीएसटी रद्द झाल्याचा आदेश हे तीन कागद एकत्र ठेवावेत.